धाकटीला दूध कोण पाजतं

२ ऑगस्ट, शनिवार

डॉरथीआजींकडे गोळ्यांचा आठवड्याचा पॅक द्यायला गेले. दहा मिनिटांचं काम, दीड तास मोडला. पाटीचं प्रूफ आलंय. फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलंय. मला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

"मेरी, पूर्वीची कारेन. डेन्मार्कहून आली. रानात घर उभं केलं. सहा मुलांची आई."

ब्राँझची पाटी आहे. १३ सप्टेंबरला सगळं खानदान जमणार आणि पणजीच्या थडग्यावर ती बसणार. "एक्याण्णव वर्षांची झाले, आणि तिचं मूळ नाव मला तू सांगितलंस," म्हणाल्या. मी स्पेलिंग पुन्हा तपासलं. बरोबर आहे.

मार्चपासूनचं हे काम. "तू डॉक्टरांचं अक्षर वाचतेस, मग चर्चच्या कारकुनाचं का नाही वाचणार?" असं म्हणून त्यांनी नोंदवहीच्या झेरॉक्सचा गठ्ठा पुढ्यात टाकला होता. डेन्मार्कहून आलेल्यांची ती जुनी वस्ती आमच्या पामर्स्टनपासून पाऊण तासावर. आता तिथे चर्च, हॉल आणि गाई. मी वाचत गेले, त्यांच्या घराण्याच्या इतिहासाची बारा पानं लिहून दिली. आमच्या फार्मसीच्या मालकीणबाईंनी, अरोहाने (ती इथल्या मूळ लोकांपैकी), ती वाचली आणि एकाच शब्दाखाली बोट ठेवलं. "'रिकाम्या' रानात? माझे लोक तेव्हा सुट्टीवर गेले होते का गं?" तोंड लपवावंसं वाटलं. तो शब्द त्याच दिवशी काढला. बाकी पानांना कोणी बोट लावलं नाही.

डॉरथीआजी म्हणतात, नुसतं डॉरथी म्हण. तोंडातून निघत नाही. समोर काहीच म्हणत नाही, इथे आजी लिहिते.

चू.: केकचा दुसरा तुकडा नको म्हणता आला नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी आर्काइव्हजकडून ईमेल. एप्रिलमध्ये अर्ज टाकला होता, "कारेनच्या नावाचं जे काही असेल ते". विसरूनही गेले होते. सोबत दोन पानांचं स्कॅन.

सरकारी वेड्यांच्या इस्पितळाचं दाखल-पत्रक. कारेन, पीटरची बायको, त्याच वस्तीतली. तीन मुलं, धाकटी आठ महिन्यांची. कारण: बाळंतपण.

दुसऱ्या पानावर मृत्यू. तिथेच. सतरा वर्षांनी.

मेरीचं नाव नोंदवहीत येतं तेव्हा कारेन जिवंत होती. मेरी कारेन नव्हे. त्या दोघी आहेत.

पुढे लिहवत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

नीट लिहून काढते. आत्या म्हणायची, चूक गोल-गोल लिहायची नाही. बाळदम्यामुळे माझी पहिली-दुसरी घरीच झाली, आत्याच्या हाताखाली. रोज पाटीवर शुद्धलेखन आणि रोज वहीत 'चू.': चूक, कशी झाली, दुरुस्ती. तीन रकाने. तिसरा रिकामा ठेवला तर जेवायला वाढायची नाही. म्हणजे वाढायची, पण बोलायची नाही. ते जास्त वाईट.

चूक: दोन बायकांची एक केली.

कशी झाली: नोंदवहीत पीटरच्या पहिल्या तीन मुलांची आई कारेन. तिसरी अ‍ॅना, म्हणजे डॉरथीआजींची आजी. मग चार वर्षं काही नाही. मग तीन मुलं, आई मेरी. घर तेच, नवरा तोच. मला एकदाही वाटलं नाही की बाई दुसरी असेल. वाटलं, नाव बदललं. बाई सासरी आली, तिचं नाव बदललं, त्यात काय विशेष? माझ्या आईचं नाव माहेरी नंदा. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मेधा' लिहिलं, तेव्हापासून मेधा. आजोळी अजून नंदाच हाक मारतात. लहानपणी मी आत्याच्या वहीत 'आईचे नाव' या ओळीवर दोन्ही लिहायचे. मला एका बाईला दोन नावं दिसली की दोन बाया दिसतच नाहीत.

तेव्हा डॉरथीआजींना 'नाव बदललं असणार' असं सांगितलं तर त्यांना पटकन पटलं. "हो हो, तेव्हा सगळे इंग्रजी नावं घ्यायचे." हेलनला, त्यांच्या मुलीला, पटलं. सगळ्यांना पटलं.

फार्मसीत एका आडनावाची दोन माणसं असली की आम्ही दोघांच्या पाकिटांना लाल स्टिकर लावतो. नाव, जन्मतारीख, पत्ता, तिन्ही विचारल्याशिवाय मी कोणाला पॅरासिटामॉलसुद्धा देत नाही. आणि इथे मृत्यूची नोंद शोधलीच नाही, कारण माझ्या लेखी कोणी मेलंच नव्हतं.

आज शोधलं. पीटर आणि मेरीच्या लग्नाचीही नोंद आहे. कारेन गेल्यावर पाच महिन्यांनी. तोवर तिन्ही मुलं झालेली. तीही मी पाहिली नव्हती. पीटर-कारेनचं लग्न एकदा सापडलं होतं ना.

दुरुस्ती:

७ ऑगस्ट, गुरुवार

स्कॅनमध्ये डाव्या कडेला बारीक अक्षर आहे. काल वाचता आलं नव्हतं. आज फार्मसीतलं भिंग घरी आणलं.

"सतत विचारते, धाकटीला दूध कोण पाजतं."

त्याखाली दुसऱ्या शाईत, नऊ वर्षांनंतरची तारीख: "अजून विचारते."

एवढंच.

९ ऑगस्ट, शनिवार

सांगायचंच ठरवून गेले. गाडीत वाक्य पाठ केलं होतं. 'मला तुम्हाला एक चूक सांगायची आहे.' दारातच त्या म्हणाल्या, "पाटी ओतून झाली! काल फोन आला." गालाला लाली. नवा कार्डिगन. मी पॅक टेबलावर ठेवला.

शेल्फवर मेरीचा फोटो आहे, काळ्या फ्रॉकमध्ये, ओठ मिटलेले. खाली तिची निळी पेटी, त्यात आजींची लोकर. आजी म्हणाल्या, "माझी नॅना, अ‍ॅना, मरेपर्यंत दर रविवारी थडग्यावर जायची. आईशिवाय तिच्या तोंडात दुसरा विषय नसायचा." आई म्हणजे मेरी.

मी म्हटलं, "हो."

दीड तास बसून 'हो' एवढंच बोलून आले.

१० ऑगस्ट, रविवार

दुपारी घरी फोन. तिकडे सकाळचे साडेनऊ, आई पोळ्या करत होती.

"जेवलीस का? आवाज असा का?"

सगळं सांगितलं. आई म्हणाली, "ती तुझी कोणी नाही ना?"

"नाही."

"मग तू का रडतेस?"

मागून आत्या, "मेधा, तिला विचार, मृत्यूची नोंद पाहिली होती का?"

"अहो वन्सं, रडतेय ती."

"रडू दे. पाहिली होती का ते विचार."

"नव्हती पाहिली, आत्या."

"मग रडून काय होणार? तिसरा रकाना भर."

"कसा भरू? त्या म्हाताऱ्या आहेत. मेरीला देवीसारखं मानतात. आणि पाटी ओतून झाली."

यावर आत्याने विचारलं, "पाऊस आहे का तिकडे?" आत्याने विषय बदलला असं पहिल्यांदाच झालं.

शेवटी आईने फोन घेतला. हळू आवाजात म्हणाली, "मुक्ते, मी मेधा झाले तेव्हा नंदा कुठे गेली म्हणून कोणी शोधत आलं नाही गं. तू निदान शोधतेस." मग लगेच, "पोळी करपली," म्हणून फोन ठेवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

हेलनला फोन केला. ऑकलंडला असते, तिथल्या माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात. लंच ब्रेकमध्ये बोलली. मागे फूड कोर्टाचा गोंगाट.

ऐकून आधी हसली. "म्हणजे पीटर खापरपणजोबांनी लग्नाशिवाय तीन? शाब्बास म्हाताऱ्या!" मग विचारलं, "वेड्यांच्या इस्पितळात? सतरा वर्षं?"

"हो."

"आणि आम्ही सगळे त्या अ‍ॅनाचे. म्हणजे कारेनचे."

"हो."

"मुक्ता, ऐक. तू चांगली मुलगी आहेस. पण मॉमला आत्ता सांगू नकोस. तिचं हृदय किती टक्के चालतंय ते तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे, गोळ्या तूच भरतेस. तिने त्या दिवसासाठी जीव धरून ठेवलाय. तो होऊ दे. मग बघू."

"पण पाटी खोटी आहे."

"सगळ्या पाट्या थोड्या खोट्या असतात, डिअर."

मी होकार दिला. दिला का? 'बरं' म्हणाले. इंग्रजीत 'ओके' म्हणाले. तो होकारच झाला.

चू.: दुसऱ्याच्या पणजीविषयीचं खरं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून दाबलं. याला चूक म्हणायचं की काय म्हणायचं, आत्याने शिकवलं नव्हतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पॅक. चहा. पाहुण्यांची यादी. त्रेचाळीस जण. "तू पण घरातलीच. साडी नेस हं, ती हिरवी."

हात धुऊन शेल्फजवळ गेले आणि फोटोतल्या मेरीच्या गळ्याकडे पाहिलं. काय शोधत होते ते नंतर कळलं.

आजोबांचं दुसरं लग्न माझ्या आजीशी. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. आजीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सोन्याची लहानशी पुतळी असायची. ती पहिली. सणाला नवं लुगडं आलं की आधी पुतळीसमोर ठेवायची, हळदकुंकू वाहायची, मग नेसायची. लहानपणी मी विचारलं होतं, ही कोण? आजी म्हणाली, "ही थोरली. हिच्या घरात मी राहते." तिचं नावही आजीच घ्यायची. आजोबा कधी नाही.

मेरीच्या गळ्यात ब्रोच आहे. बारकाईने पाहिलं. नुसता ब्रोच.

मेरीवर राग धरायचा म्हणून नाही लिहीत. तिने दुसरीची तीन पोरं वाढवली आणि त्यातली एक जन्मभर तिच्यावर फुलं वाहत राहिली. मी तिचंही नुकसान केलं. 'पूर्वीची कारेन' लिहून तिचं पूर्वीचं सगळं काढून घेतलं. तिची आई, तिचं गाव, ती कोणत्या जहाजाने आली ते. मला काहीच माहीत नाही. शोधायची वेळच आली नाही, कारण तिला मी आधीच दुसरीचं आयुष्य दिलं होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

एका बाईंच्या गोळ्या चार वेळा मोजल्या. रांग दारापर्यंत. अरोहाने तिच्या भाषेत नमस्कार करत माझ्या हातातून ट्रे घेतला. "किआ ओरा, मॅडम. आज सगळे पेशंट जिवंत आहेत. घरी जा."

"माझं काही चुकलं का?"

"तेच ना. काहीच चुकत नाहीये आणि तरी तू परत परत मोजतेस."

मागच्या खोलीत तिला सांगितलं. तिने हेलनसारखं केलं नाही, आईसारखंही नाही. म्हणाली, "आमच्यात नावं ओळीने म्हणतात, पार मागपर्यंत. एक नाव गाळलं तर म्हातारी माणसं मध्येच थांबवतात. सगळ्यांसमोर. लाज वाटते, पण थांबवतात."

"म्हणजे मी सांगावं?"

"मी तसं म्हटलं नाही. तुमच्या डॉरथीला थांबवणारी मी कोण?"

प्रत्येक जण मला उत्तराच्या दारापर्यंत सोडतो आणि परत जातो.

२४ ऑगस्ट, रविवार

एकटी गेले. दोन तास दक्षिणेला. इस्पितळ कधीच पाडलं. कब्रस्तान आहे, म्हणजे उतारावरचं गवत. थडगी दिसत नाहीत. सगळ्यांसाठी एक दगड, त्यावर नावं नाहीत. शेजारच्या कुरणात गाई. वारा असा की उभं राहवेना.

पर्समध्ये कुंकवाची डबी होती, आईने कोंबलेली. पण कुठे वाहणार? आणि वाहावं का? ती ख्रिस्ती. माझी कोणी नाही. परवानगी कोणाची? डबी उघडलीच नाही. कुंपणाजवळ डॅफोडिल उगवली होती, तीही तोडली नाहीत. सार्वजनिक जागेतली.

मग मराठीतच मोठ्याने म्हटलं, "अ‍ॅना मोठी झाली. खूप वर्षं जगली. तिला दूध मिळालं." आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून म्हणू शकले.

परत येताना गाडीत लक्षात आलं की कोणाचं दूध ते मला ठाऊक नाही. नोंदवहीत मेरीचं नाव यायला अजून तीन वर्षं होती. शेजारणीचं असेल, गाईचं असेल. म्हणजे तिचा प्रश्न अजून तसाच आहे. मी तिथे जाऊनही अंदाजानेच बोलून आले.

३० ऑगस्ट, शनिवार

डॉरथीआजी हॉस्पिटलमध्ये. छातीत पाणी. हेलन ऑकलंडहून आलीये. मी वॉर्डात गेले तर ऑक्सिजनच्या नळीतून म्हणाल्या, "तेरा तारखेपर्यंत मला बाहेर काढा. नंतर माझं काय वाट्टेल ते करा."

हेलनने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

एक बारीकशी चिठ्ठी लिहिली. 'कारेन आणि मेरी या दोन स्त्रिया होत्या.' पुढे पाच ओळी, पुरावे. स्कॅनची प्रत जोडली. पाकिटात घातली. पाकीट पर्समध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी.

डॉरथीआजी नसतील तेव्हा कोणालातरी द्यायची असं मनात आलं आणि स्वतःची शिसारी आली. मी त्यांच्या जाण्याची वाट बघतेय का? नाही. नाही ना?

१३ सप्टेंबर, शनिवार

झालं.

सकाळी ऊन, मग सरी. हॉस्पिटलने चार तासांची परवानगी दिली. व्हीलचेअर, गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण, ओठांना लिपस्टिक. मी हिरवी साडी, वर रेनकोट. इथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, मी नारळाच्या वड्या नेल्या. हॉलच्या टेबलावर सॉसेज रोल, एग सँडविच, क्रीमचा पावलोव्हा केक आणि मध्ये माझ्या वड्या, कोणीतरी पुढे कागद ठेवलेला: "इंडियन फज?"

थडग्यापाशी डॉरथीआजींनी कापड ओढलं. जोर पुरला नाही, हेलनने हात लावला. पाटी. ओल्या उन्हात चकाकली. मेरी, पूर्वीची कारेन. कागदावरचं पुसता येतं. हे बोटाने चाचपता येत होतं.

एक काका म्हणाले, "पोरीने नाव बदललं, पण पीटरला नाही बदललं, हेच नवल!" सगळे हसले. आजीही हसल्या, खोकला येईपर्यंत.

मग हेलनने माइक घेतला. कागद समोर नव्हता, बोलता बोलता म्हणाली, "आणि ही मुक्ता. हिने तिला शोधलं."

त्रेचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला. हात जोडले गेले, सवयीने. बोलून झाल्यावर हेलनला कळलं ती काय बोलली ते. माइक धरून तशीच उभी राहिली. चेहरा पांढरा.

अरोहा म्हणाली होती, त्यांच्यात म्हातारी माणसं मध्येच थांबवतात. मी वाट पाहिली. कोणी थांबवलं नाही. हेलन सोडून थांबवू शकणारी मी एकटीच होते आणि मी नमस्कार करत होते.

चू.:

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आईचा मेसेज. "आज अविधवा नवमी. थोरल्या आजीचं पान वाढलं. तुझ्याकडून नमस्कार सांगितला."

बसस्टॉपवर उभी असताना डोक्यात आलं. नवरा असताना गेलेल्या बाईचा हा दिवस. कारेन पीटरच्या आधी गेली. इस्पितळाच्या कागदावर शेवटपर्यंत 'पत्नी' लिहिलंय. म्हणजे आज तिचाही.

आईला फोन. "करता येईल का? परकी, ख्रिस्ती, आपल्या घरातली नाही?"

"सवाष्णीला जेवू घाल. मनात तिचं नाव घे. झालं."

"सवाष्ण कुठून आणू?"

"नाही मिळाली तर गाईला घास घाल. तुमच्याकडे गाई काय कमी आहेत?"

मागून आत्या, "परक्याच्या गाईला विचारल्याशिवाय काही खायला घालायचं नाही म्हणावं!" शब्दशः माझ्या मनातलं.

फार्मसीतून घरी आल्यावर शेवयांची खीर केली, वरण-भात, बटाट्याची भाजी. ताट वाढून बसले आणि बेल वाजली. हेलन. आईच्या नव्या औषधाची चिठ्ठी घेऊन, फार्मसी बंद झाली म्हणून घरी. आजींना आजच घरी सोडलंय. "डॉक्टर म्हणाले, आता घरीच बरं." वाक्य तिथेच सोडलं.

हेलनचा नवरा ऑकलंडला आहे. सवाष्ण.

न सांगता वाढणं बरोबर नव्हतं. सांगितलं. "आज आमच्यात गेलेल्या बायकांना जेवण देतात. त्यांच्या नावाने एका बाईला वाढतात. हे ताट कारेनचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही."

ती उभीच राहिली. मग चप्पल काढली, हात धुतले, बसली. चमच्याने जेवली. खीर संपली, वाटी पुढे केली. पुन्हा वाढली. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिने डोळे मिटले.

"तो कागद दाखव," म्हणाली.

पाकिटातून काढून दिला. कडेची ओळ वाचायला चष्मा डोक्यावरून खाली घेतला. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवला, वाटीच्या शेजारी.

"मला तीन मुलं झाली," म्हणाली. "प्रत्येक वेळी सहा-सहा महिने रडत होते मी. मॉम माझ्याकडे राहायला यायची. गोळ्या होत्या." मग, "मला कोणी नेलं नाही."

जाताना दारात, "मी तुला सांगू नकोस म्हटलं. आता सांग असंही मला म्हणता येत नाहीये. ती जेमतेम श्वास घेते, मुक्ता."

"मला माहीत आहे."

"मला काहीच कळत नाहीये."

"मलाही."

चप्पल घालताना ती पुसटसं हसली. "छान होती खीर. काय म्हणायचं तुमच्याकडे?"

"काही म्हणायचं नसतं."

१८ सप्टेंबर, गुरुवार

आत्याचा फोन. स्वतःहून. हे वर्षातून एकदा होतं.

"रकाना भरलास?"

"नाही."

"हं." मग, "मी तुला शिकवलं तेव्हा चुका पाटीवरच्या होत्या. पुसता येण्याजोग्या. माणसांच्या चुकांना तीन रकाने पुरतात की नाही, हे मी कधी करून पाहिलं नाही."

"आत्या, मग काय करू?"

"मला कशाला विचारतेस? मी पुण्यात बसलेय." फोन ठेवला. नंतर मेसेज आला. टाइप करायला तिला दहा मिनिटं लागली असणार. "जेवत जा वेळेवर."

२० सप्टेंबर, शनिवार

पॅक दिला. आता त्यात चारच गोळ्या, बाकी डॉक्टरांनी थांबवल्या. पलंग बैठकीत आणलाय, शेल्फसमोर. मेरीचा फोटो दिसेल असा.

हेलन मला आत घेऊन गेली. आजींचे डोळे उघडे होते. आवाज अगदी बारीक, वाकावं लागलं.

"पाटी बसल्यापासून एक गोष्ट आठवतेय," म्हणाल्या. "नॅना सांगायची. ती तीन वर्षांची होती तेव्हा तिची आई आली. गाडीतून उतरली, हातात निळी पेटी."

मी शेल्फखालच्या पेटीकडे पाहिलं.

"मी लहानपणापासून हे ऐकत आले. मला वाटायचं, कुठून तरी परत आली. बाजारातून, माहेरून." श्वास. "तीन वर्षांच्या पोरीला आई आली हे आठवतं. म्हणजे त्याआधी नव्हती."

हेलन दारात होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नकाराची मान हलवली नाही. होकाराचीही नाही. वळली आणि स्वयंपाकघरात गेली. किटलीत पाणी भरल्याचा आवाज.

"तीन वर्षं कुठे होती ती?" आजींनी विचारलं. "तू ते सगळे कागद वाचलेस. तुला माहीत आहे."

प्रश्न नव्हताच तो.

मी म्हटलं, "डॉरथी." पहिल्यांदाच. आणि पर्सची चेन उघडली.

त्यांनी हात वर केला. कातडी कागदासारखी, सुईच्या जागी जांभळं. माझ्या मनगटावर ठेवला, पर्सवर. वजन काहीच नाही त्या हाताला, पण मला तो बाजूला करता आला नाही.

"आज नको," म्हणाल्या. "आज मी तिच्याकडे बघतेय." फोटोकडे. "पुढच्या शनिवारी सांग. तू शनिवारी येतेसच."

"येते."

"खरं सांगशील?"

"हो."

"गोड करून नाही हं."

"नाही."

डोळे मिटले. हात तसाच. किटली वाजली आणि बंद झाली. हेलन चहा घेऊन आली नाही. बराच वेळ गेला. मी फोटोतल्या मेरीकडे पाहत होते आणि पहिल्यांदाच वाटलं, हिलाही कोणी विचारलं नसेल, येशील का, आणि कोणाच्या जागी येतेयस ते सांगितलंही नसेल.

निघताना हेलन ओट्यापाशी उभी होती. दोन कप भरलेले, थंड. म्हणाली, "नर्स म्हणते, शनिवार वगैरे धरून चालू नका."

पुढच्या आठवड्याचा पॅक मी तरीही आजच भरला. शनिवार ते शुक्रवार. लेबलवर नाव, जन्मतारीख, पत्ता. तिन्ही तपासले. अरोहाने तपासणीची दुसरी सही केली, काही विचारलं नाही.

चूक: दोन बायकांची एक केली.
कशी झाली: वर लिहिलं आहे.
दुरुस्ती: शनिवार, २७